कोरडी त्वचा आणि बाहेरून लावायचे औषध

दिवाळी सरून थंडीचा अंमल सुरू झाला की विदर्भ-खानदेशापासून मावळापर्यंत घरोघरी अंग उलू लागते, नडग्यांवर खवले धरतात, टाचांना भेगा पडतात; आणि त्यांच्या निवारणार्थ जी तजवीज केली जाते तीत दोन परस्परविरोधी मते सारख्याच आत्मविश्वासाने वावरताना दिसतात. पहिले मत असे की, त्वचेच्या कोरडेपणावर तेलावाचून कशाचीच आवश्यकता नाही. वाडवडिलांनी तिळाचे, खोबऱ्याचे, कोकणात कोकमाचे तेल लावून जन्म काढला, सबब बाटलीतली औषधी लोशने म्हणजे नाहक खर्च आणि अंगात 'केमिकल' भिनविण्याचा उद्योग होय. दुसरे मत याच्या नेमके उलट आहे. औषध पोटात घ्यायचे नाही, केवळ वरून चोळायचे आहे, तेव्हा दुकानदाराने जे काढून दिले, किंवा शेजारणीला ज्याने गुण आला, ते हवे तितके आणि हवे तितके दिवस लावण्यास हरकत नाही, असे ते मत सांगते. ही दोन्ही मते प्रामाणिकपणे बाळगली जातात आणि दोन्ही चुकीची आहेत, असे आमचे म्हणणे आहे. परंतु दोहोंचा दोष सारखा नाही: पहिल्याने माणूस उपचाराला मुकतो, दुसऱ्याने त्याला प्रत्यक्ष इजा होते, म्हणून दुसऱ्याचे खंडन अधिक विस्ताराने करणे भाग आहे.

प्रथम तेलाच्या पक्षाचा विचार करू. आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, ज्याला शृंगस्तर म्हणतात, तो मृत पेशींचा असून शरीराच्या बहुतेक भागी मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. १९५२ साली अर्विन ब्लँक या अमेरिकन शास्त्रज्ञाने या थराच्या वाळवलेल्या तुकड्यांवर प्रयोग करून असे दाखवून दिले की, कडक झालेला तुकडा तेलात कितीही बुडवून ठेवला तरी तो कडकच राहतो, आणि पाणी मिळताच मात्र मऊ पडतो. या थरातील पाण्याचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांखाली गेले की तो ठिसूळ होऊन तडकू लागतो. म्हणजे कोरडेपणा हा मूलतः पाण्याचा अभाव आहे, स्नेहाचा नव्हे. तेल, व्हॅसलिन किंवा कोकमाचे भिरंडेल यांचे खरे कार्य एवढेच की, आत असलेले पाणी उडून जाऊ नये म्हणून ते वर झाकण घालतात. आणि म्हणूनच स्नान करून अंग नुसते टिपून घेतल्यावर, त्वचा ओलसर असताना लावलेला थोडासा स्नेहही जे काम करतो ते रखरखीत कातडीवर चोळलेली वाटीभर तेलाची मात्रा करू शकत नाही. अभ्यंगाची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. पण अभ्यंगानंतर कढत पाण्याने आणि साबणाने ते सारे तेल, त्याबरोबर त्वचेचा स्वतःचा स्नेहही, खरवडून काढायचा आणि मग अंग उलते म्हणून तक्रार करायची, यात तेलाच्या गुणांचा पुरावा कोठे आहे?

जेथे कोरडेपणा साधा नसतो, म्हणजे जन्मजात खवलेदार त्वचेत, इसबात किंवा मधुमेह्याच्या टाचांत, तेथे झाकण पुरत नाही. पाणी धरून ठेवणारे द्रव्य लागते. ग्लिसरीन, युरिया, लॅक्टिक आम्ल ही ती द्रव्ये होत. यांना 'केमिकल' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की युरिया आणि लॅक्टिक आम्ल निरोगी माणसाच्या शृंगस्तरात निसर्गतःच असतात. तेथील ओलावा राखण्यात त्यांचा वाटा असतो, आणि कोरड्या त्वचेत तेच उणे पडलेले असतात. ज्या मुलाच्या पायांवर बाराही महिने खवले आहेत त्याला तेल लावून गप्प बसविणे ही परंपरेची सेवा नव्हे. त्या मुलाच्या वाट्याला यायला हवा तो उपचार आपण नाकारतो.

आता दुसरा पक्ष. 'वरून लावायचे आहे, काय होणार' या वाक्यामागे असे गृहीत आहे की, त्वचा ही अभेद्य भिंत आहे आणि तिच्यावर घातलेले औषध तिच्यावरच राहते. हे गृहीत साफ खोटे आहे. १९७९ साली अमेरिकेत प्रवासातील मळमळीवर कानामागे चिकटवायची एक पट्टी मंजूर झाली. तिच्यातील औषध त्वचेतून रक्तात उतरते आणि मेंदूपर्यंत परिणाम करते. त्याच्याही आधी, १९६७ साली, फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिझोन हे औषध शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून किती शोषले जाते ते मोजले होते. हाताच्या आतील बाजूला जेवढे शोषण होते ते एक धरले, तर कपाळावर ते सहापट, जबड्याच्या कोपऱ्याशी तेरापट, वृषणाच्या त्वचेवर बेचाळीसपट, आणि तळपायावर त्याच्या सातव्या हिश्श्याइतके आढळले. एकाच बोटावरचे तेच मलम पायाला लावणे आणि चेहऱ्याला लावणे या दोन क्रिया एक नव्हेत, हे या आकड्यांवरून कोणालाही कळावे. तान्ह्या मुलाच्या बाबतीत तर वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असते, आणि लंगोटाखाली झाकलेल्या भागात शोषण आणखी वाढते. मोठ्यांचे मलम 'थोडेसेच' म्हणून बाळाला लावणाऱ्या हाताला या हिशोबाची कल्पना नसते.

सर्वांत गंभीर प्रकरण स्टेरॉइडयुक्त मलमांचे आहे. सल्झबर्गर आणि विटन यांनी, योगायोगाने ब्लँकच्याच वर्षी, १९५२ मध्ये, हायड्रोकॉर्टिझोन त्वचेवर लावून इसब शमविता येते असे सिद्ध केले. त्वचारोगांच्या उपचारात त्याहून मोठे वरदान क्वचितच मिळाले असेल. पुढे त्याच कुळात अनेक पटींनी प्रबळ द्रव्ये निर्माण झाली. त्यांतील क्लोबेटासोल हे इतके तीव्र आहे की त्याची मुदत एका वेळी दोन आठवडे आणि मात्रा आठवड्याला जास्तीत जास्त पन्नास ग्रॅम अशी बांधून दिलेली आहे. आणि हेच द्रव्य आपल्याकडे बुरशीनाशक व जंतुनाशक द्रव्यांशी एकत्र करून एकाच ट्यूबमध्ये भरले जाते. ती ट्यूब खाज, नायटा, काळे डाग आणि कोरडी त्वचा या सर्वांवर एकच तोडगा म्हणून दुकानाच्या फळीवरून सरळ ग्राहकाच्या हाती जाते. पहिल्या तीन-चार दिवसांत लाली उतरते, खाज थांबते, चट्टा गुळगुळीत दिसतो, आणि या तात्पुरत्या आरामामुळेच माणूस फसतो. तो चट्टा कोरडेपणाचा नसून गजकर्णाचा असेल, तर वरची लक्षणे दडपून बुरशी बिनबोभाट पसरत राहते, आणि पुढे तिचे रूप इतके बदलते की अनुभवी वैद्यालाही ती ओळखणे कठीण जाते. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावणाऱ्यांची त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्यांचे जाळे उमटते, मुरुम उठतात, नको तेथे केस वाढतात. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध दीर्घकाळ आवाज उठविला, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने औषध-नियमांत दुरुस्ती करून अशी अनेक मलमे 'शेड्यूल एच'च्या कक्षेत आणली; म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकण्यास कायद्याने मनाई झाली. हुकूम निघाला हे चांगले झाले. पण चिठ्ठी न मागणारा दुकानदार आणि चिठ्ठीवाचून मागणारा ग्राहक हे दोघे जोवर तसेच आहेत तोवर तो दप्तरात पडून राहणार.

यावर कोणी म्हणेल, मग स्टेरॉइडच नको. हाही अतिरेक आम्हांस मान्य नाही. इसबाने रात्र-रात्र खाजविणाऱ्या लेकराला योग्य शक्तीचे मलम, योग्य जागी, ठरल्या मुदतीपुरते देणे हे कर्तव्य आहे. निव्वळ नावाला भिऊन ते नाकारणारे पालक मुलाचे हाल वाढवितात. आमचा आग्रह एवढाच, की बाहेरून लावलेले औषधही मात्रा, जागा, मुदत आणि रोगी या चौकशीतून सुटत नाही. मात्रेचे मापही सोपे आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळव्यांएवढ्या क्षेत्रास पुरते. हे माप स्टेरॉइडचे आहे. साधा स्निग्ध लेप मात्र सढळ हाताने लावावा.

साध्या औषधी लोशनांनाही हाच न्याय लागू आहे. पाच ते दहा टक्क्यांचा युरिया ओलावा धरतो. वीस टक्क्यांच्या पुढे तो कातडी सोलू लागतो, आणि चाळीस टक्क्यांचा लेप जाड टाचेसाठी असतो, गालासाठी नव्हे. बारा टक्क्यांचे अमोनियम लॅक्टेट उललेल्या किंवा नुकत्याच दाढी केलेल्या त्वचेवर झोंबते, आणि अशा आम्लांमुळे ऊन अधिक बाधते. लावणे थांबविल्यावरही आठवडाभर सांभाळावे लागते. सॅलिसिलिक आम्लाचा लेप लहान मुलाच्या अंगभर लावणे धोक्याचे आहे, कारण ते शोषले जाऊन विषबाधा होऊ शकते. मधुमेह्याने ते आपल्या मनाने पायाला लावू नये, आणि कोणतेही लोशन त्याने बोटांच्या बेचक्यांत साठू देऊ नये. गुलाबी कॅलामाइन खाजेवर म्हणून कोरड्या अंगावर थापण्याची रीत तर सोडूनच द्यावी. त्यातील चूर्णे त्वचेचा उरलासुरला ओलावा शोषून घेतात. आणखी एक गोष्ट आपल्याकडे जवळजवळ कोणीच सांगत नाही: स्निग्ध मलमे ज्या कपड्यांत मुरतात ते कपडे ठिणगीने भडकन पेट घेतात, असा इशारा ब्रिटनच्या औषध-नियामक खात्याने २०१८ साली दिला आहे. समईपाशी बसणाऱ्या, चुलीपुढे वावरणाऱ्या आणि विडी ओढणाऱ्या वृद्धांच्या घरात तो भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

या सर्वांहून आधी मात्र, ज्याला आपण कोरडेपणा म्हणतो तो खरोखरच कोरडेपणा आहे का, हे पाहिले पाहिजे. फिकट, रुक्ष आणि स्पर्श न कळणारा चट्टा हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. त्यावर लोशन लावून दवडलेला काळ पुढे हाताच्या बोटांवर निघतो. आणि ज्यांच्या घरी ती तीव्र ट्यूब महिनोन्‌महिने चालू आहे, त्यांनी हा लेख वाचून ती आजच कचऱ्यात टाकू नये. एकाएकी थांबविल्यास चेहरा लालबुंद होऊन आगीसारखा जळजळतो, आणि त्या यातनेने माणूस पुन्हा त्याच ट्यूबकडे धावतो. ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, किती महिने लावली ते न संकोचता सांगावे, आणि तिची शक्ती क्रमाक्रमाने कशी उतरवायची ते त्याच्याकडून लिहून घ्यावे.