बीबी हाजरा एकटीच धावली होती



जगभरातले मुसलमान ज्या दिशेला तोंड करून नमाज पढतात, तिथं मक्केतला काबा आहे. ऐपत असेल त्यानं आयुष्यात एकदा हजला जावं, हे इस्लाममधलं मूळ कर्तव्य. ते बाईलाही पुरुषाइतकंच लागू आहे. पण या शहराची सुरुवात एका बाईपासून होते, हे आपण फारसं बोलत नाही.

परंपरा सांगते, की हजरत इब्राहीम यांनी बीबी हाजरा आणि तान्हा इस्माईल यांना ओसाड खोऱ्यात ठेवलं. जवळचं पाणी संपलं. तहानलेल्या लेकरासाठी हाजरा सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावली. मग झमझम फुटला, पाण्यापाशी वस्ती झाली, तेच मक्का. आजही प्रत्येक हाजी तिथं सात फेऱ्या घालतो, सुमारे तीन किलोमीटर. रिवाज असा, की मधल्या टप्प्यात पुरुषांनी धावायचं आणि बायकांनी चालायचं. मूळची धाव मात्र बाईची!

सुमारे १२०० वर्षांपूर्वी खलिफा हारून अल रशीद यांची बेगम झुबैदा हिनं यात्रेकरूंसाठी मक्केपर्यंत पाणी आणवलं. भोपाळच्या सिकंदर बेगम १८६३-६४ मध्ये हजला गेल्या आणि त्यांनी त्या प्रवासाचं वर्णन लिहिलं.

आणि आपल्या साध्या बाया? मी लाखनीत काम करते. बैठकीत एक विधवा मावशी म्हणाल्या, "नवरा नाही, भाऊ नाही, पोरगा नाही. मले कोन नेईल?" सोबत मेहरम, म्हणजे नवरा किंवा ज्याच्याशी लग्न होऊ शकत नाही असा जवळचा नातलग, हवा ही अट त्यांना माहीत होती. त्याबद्दल मतं एकसारखी नाहीत, हे कुणी सांगितलं नव्हतं. हनफी मत मेहरम मागतं. शाफई आणि मालिकी मतांत विश्वासू सोबत असली तर फर्ज हजला जाता येतं. आपले कोकणी मुसलमान शाफईच आहेत.

२०१८ पासून भारतातून ४५ वर्षांवरच्या बायकांना, पंथाला मान्य असल्यास, चौघींच्या गटानं मेहरमशिवाय जाता येऊ लागलं. २०२२ मध्ये सौदी सरकारनंही मेहरमची अट नसल्याचं जाहीर केलं. २०२३ साली भारतातून असे चार हजारांहून अधिक अर्ज आले.

दार उघडलं, पण उंबऱ्यापर्यंत पोचायला पैसा लागतो. कर्तव्य ऐपतीवर आहे, आणि बाईची ऐपत तिच्या हातात कुठं असते? मेहेर तिचा, वडिलांच्या मालमत्तेतला वाटा तिचा, हे धर्मच सांगतो. पण मेहेर कागदावर राहतो आणि वाटा भावांसाठी सोडून द्यावा लागतो. पासपोर्टच्या कागदांसाठीही ती दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहते.

म्हणून परवानगीवर थांबू नका. मेहेर मागा, वाटा मागा, बँकेत स्वतःच्या नावानं खातं काढा, पासपोर्ट करून घ्या. मग हजला जायचं की नाही, हे ज्या त्या बाईनं ठरवावं. बीबी हाजरानं पाणी शोधायला कुणाची सोबत मिळायची वाट पाहिली नव्हती.