वल्हं थांबल्यावर काय?

समुद्रात कयाक चालवणाऱ्या जाणत्या मंडळींत एक मत घट्ट रुजलेलं आहे: सी अँकर, म्हणजे टोकाला बांधून पाण्यात सोडायची कापडी छत्री, हे शिडाच्या बोटींचं लोढणं, कयाकला त्याची गरज नाही. पालथे झालात तर रोल करून सरळ व्हा आणि वल्हवत राहा. दाखला अँड्र्यू मॅकॉलेचा. २००७ मध्ये टास्मानियाहून न्यूझीलंडकडे एकटा निघालेल्या मॅकॉलेकडे सी अँकर होताच. तरी किनारा टप्प्यात आल्यावर तो गेला. सापडली ती फक्त कयाक.

दाखला उलटा आहे. त्याआधी जवळजवळ महिनाभर हा माणूस टास्मान समुद्रात रात्री झोपला कसा? त्या अरुंद कॉकपिटमध्येच अंग मुडपून, पुढच्या टोकाला बांधलेल्या कापडी छत्रीच्या भरवशावर. शेवटच्या दिवशी तो वाचला नाही, म्हणून आधीच्या रात्री खोट्या ठरत नाहीत.

खरी चूक गृहीतकात आहे. वल्हवणारा वल्हवतच राहील, हे कुणी ठरवलं? खांदा निखळतो, ओकाऱ्यांनी जीव गळून जातो, कॉकपिटमधलं पाणी उपसावं लागतं. तेव्हा हात वल्ह्यावर नसतात. थांबलेली कयाक वाऱ्याला आडवी होते आणि आडव्या कयाकला एक फुटती लाट पुरते. सोबतीला दोघं असले तर एक जण कयाक धरतो, दुसरा दोरीने ओढून खडकांपासून लांब ठेवतो. एकट्याला हा दुसरा कुठून मिळणार? सी अँकर टोक वाऱ्याकडे धरून ठेवतो आणि वाहून जाण्याचा वेग कमी करतो. मतलई वारा सुटला असेल तर वाचलेला प्रत्येक मीटर परतीच्या वल्हवण्यातून वजा होतो.

‘हे कयाकच्या परंपरेत बसत नाही’ हा आक्षेप तर फारच पोकळ. ज्यांनी कयाक घडवली ते इनुइट शिकारी हारपूनच्या दोरीला कातडं ताणलेलं कडं बांधून जनावराला पाण्याच्याच विरोधाने दमवत; तत्त्व सी अँकरचंच. आणि लहान होडीचा दाखला हवा, तर दर्यावर्दी जॉन व्हॉस १९०१ मध्ये कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून ‘टिलिकम’ या एका ओंडक्यातून कोरलेल्या होडीत निघाला आणि १९०४ मध्ये लंडनला पोचला. सी अँकरचा त्याच्याइतका कडवा पुरस्कर्ता विरळाच.

दोरीत अडकण्याची भीती मात्र खरी, आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. शिडाच्या बोटीवर माणूस चालत पुढच्या टोकाला जातो. कयाकवाला कंबरेपर्यंत बंदिस्त. म्हणून दोरी किनाऱ्यावरच टोकाच्या कड्यातून ओवून कॉकपिटपर्यंत आणायची, एका ओढीत सुटेल अशी गाठ हाताशी ठेवायची आणि जॅकेटला सुरी लावायची. बगलेतून घाईने टाकलेला सी अँकर कयाक आडवीच धरतो, म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर. दोरी लांब आणि ताण सोसणारी हवी, नाहीतर प्रत्येक लाटेला हिसका. आणि भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहात त्याच्यावर विसंबू नये: ज्या पाण्याला त्याने धरलं आहे तेच वाहत असतं.

सी अँकरच्या भावकीतल्या ड्रोगची वकिली मात्र मी करणार नाही. तो मागच्या टोकाला बांधतात, पाठीमागून येणाऱ्या लाटांवर वेग आवरायला. ब्रिटिश लाइफबोटी फुटत्या लाटांतून किनाऱ्याला लागताना तो ओढत असत. शिडाच्या बोटींच्या १९७९ च्या फास्टनेट शर्यतीतल्या बळींनंतर डोनल्ड जॉर्डन यांनी अशा बोटींसाठी ड्रोगची माळच बनवली. पण त्या जड बोटी. कयाकवाला चार उलटे हात मारून लाट पुढे जाऊ देतो, वल्हं मागे टेकवून दिशा सांभाळतो. ड्रोग मागचं टोक जखडून नेमकी हीच मोकळीक काढून घेतो. महासागर ओलांडणाऱ्याने तो जरूर न्यावा. दिवसभराच्या फेरीत ती जागा मी पाण्याच्या बाटलीला देईन.