पेडणे-डिचोलीतले ते पावणेदोनशे कुठे आहेत?



शाळांतल्या माध्यान्ह आहारातल्या पावावरून तुमच्या वृत्तपत्राच्या पानांवर सध्या जे चालले आहे ते वाचते आहे. पाव शिळा होता की ताजा, भाजी पातळ की दाट, यावर सगळ्यांचा जोर. पाव ताजा असूनही ज्या मुलाला तो विषासारखा, त्याच्याबद्दल एक ओळ नाही. मंगळवारी शाळेतल्या पालकसभेत हा विषय मी काढला, तर उत्तर आले, ‘‘बाई, आपण भात खाणारे. तो रोग उत्तरेकडचा.’’ म्हणून हे पत्र.

माझी मुलगी आठवीत आहे. तिला सिलिअ‍ॅक आहे. गहू आणि जव यांतले ग्लुटेन पोटात गेले की तिचे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटते. हे कळायला दोन वर्षे गेली. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती नेमाने घेई, पण हिमोग्लोबिन आठाच्या वर सरकेना. उंची थांबली, पोट फुगायचे. शेजारीण म्हणाली जंत, एका डॉक्टरांनी ‘आजकालच्या मुली जेवत नाहीत’ म्हणून मलाच चार शब्द सुनावले. अखेर एका तरुण डॉक्टरणीने रक्ताची टीटीजी तपासणी लिहून दिली, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला. गोळी पोटात जात होती, आतडे ती शोषतच नव्हते.

आता उत्तरेकडच्या रोगाचे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातले तेवीस हजारांहून अधिक प्रौढ तपासले होते. उत्तरेत १.२३ टक्के लोकांच्या रक्तात सिलिअ‍ॅक दर्शवणारी प्रतिपिंडे निघाली, दक्षिणेत ०.१० टक्के. म्हणजे हजारात एक. या हजारात एकाला लोक ‘नाही’ म्हणतात. अहो, २०११ च्या जनगणनेत पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांची लोकसंख्या मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास होती. दक्षिणेचाच आकडा धरा, तरी अशी पावणेदोनशे माणसे होतात. मला ठाऊक आहेत दोन. एक माझी मुलगी आणि दुसरा पेडण्यातला एक मुलगा, ज्याच्या आईची नि माझी ओळख तपासणीच्या रांगेत झाली. बाकीचे एकशे त्र्याहत्तर कुठे आहेत? निळी गोळी खात असतील.

त्याच पाहणीत दिसले की या आजाराला लागणारी जनुके दक्षिणेत जवळपास उत्तरेइतकीच आहेत. मोठा फरक ताटात होता. उत्तरेत माणशी रोज ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५ ग्रॅम. पोदेराचा एक पाव खाल्ला की हे २५ ग्रॅम संपले! सकाळी चहात बुडवायला उंडो, मधल्या सुटीत पाव-भाजी, संध्याकाळी पावाबरोबर रस-आमलेट, वर रव्यात घोळलेला बांगडा. कुठला आलाय भात खाणारा गोंयकार?

सभेत मी मागितले ते एवढेच. पाव असेल त्या दिवशी तिला भात किंवा घावन द्या, आणि वेगळ्या चमच्याने वाढा. उत्तर आले, ‘‘एकीसाठी कसे जमणार? आणि एखाद दिवशी थोडे खाल्ले तर काय होते?’’ पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ छापायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लुटेन चालत नाही, हा केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. किलोमागे २० मिलिग्रॅम! आणि आमच्याकडे ‘थोडे’ म्हणजे अर्धा पाव. अंगावर पुरळ उठत नाही, मूल तिथल्या तिथे कोसळत नाही, म्हणून कोणाला पटत नाही.

घरी तवा वेगळा, परात वेगळी, लाटणे वेगळे. हिंगाच्या डबीत गव्हाचे पीठ असते हे मला चाळिशीत कळले.  एवढे करून आम्ही हरलो ते गिरणीत. नाचणे दळून आणले, आणि माझ्या आधीच्या बाईचे गहू होते. आता तांदूळ-नाचण्यासाठी घरघंटी घेतली आहे. ज्यांना परवडत नाही त्यांनी काय करायचे?

पण खरे अवघड मुलीचे वय आहे. पोटदुखी ती सोसते, चारचौघींत वेगळे दिसणे सोसत नाही. डबा पाठमोरी बसून खाते. चवथीला मैत्रिणीच्या घरी मैद्याची नेवरी हातात ठेवली, तिने ‘नको’ म्हटले नाही. दोन दिवसांनी तिच्या ड्रेसच्या खिशातून चुरा आणि मुंग्या निघाल्या. तांदळाची पातोळी दिली असती तर दोन मागून खाल्ल्या असत्या.

आणि जरा मांद्रे-हरमलच्या किनाऱ्यावर फिरून या. कॅफेच्या फळ्यांवर खडूने ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेले असते, केकसुद्धा मिळतो. पाहुण्याला विचारून वाढतात, शाळेतल्या मुलीला घावन देता येत नाही! व्हॅटिकनने २०१७ साली बिशपांना पत्र लिहून सांगितले, की मिस्सेच्या ओस्तीत गहू हवाच, पण ज्याला सोसत नाही त्याला अगदी कमी ग्लुटेनची ओस्ती चालेल. ज्यांच्यासाठी गहू हा श्रद्धेचा प्रश्न आहे त्यांनीही वाट काढली. आमच्या शाळेचा पाव त्याहून पवित्र आहे काय?

आरोग्य खात्याने एक करावे. तीन महिने नेमाने लोहाची गोळी घेऊनही ज्या मुलामुलींचे रक्त वाढत नाही, त्यांची टीटीजी तपासणी करावी. रक्त पेडण्यात, डिचोलीत घ्यावे. बांबोळीच्या इस्पितळात नमुना जाऊ दे, दिवसाची मजुरी बुडवून माणूस नको. आणि पालकांनो, संशय आला म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नका, मग तपासणीत काही दिसत नाही. एकाला निघाला तर भावंडे आणि आईवडीलही तपासून घ्या. आमच्या धाकट्याचा अहवाल यायचा आहे.

हे पत्र मुलीला वाचून दाखवले. तिने दोन अटी घातल्या, तिचे नाव नको नि शाळेचेही नको. माझे नाव छापले की तिचे कळेलच, म्हणून तेही छापू नये.

– एक आई, डिचोली