कोळसा बाईच्या डोक्यावर, फावडं पुरुषाच्या हाती

आर्वीच्या बचत गटाच्या बैठकीत एका आजींनी नवऱ्याच्या नोकरीचा विषय काढला. पुलगाव–आर्वी नॅरोगेजवर ते वाफेच्या इंजिनाचे फायरमन होते. १९१७ साली सुरू झालेली ही ३५ किलोमीटरची लाइन आता बंद आहे. शेजारची यवतमाळ–मूर्तिजापूर ‘शकुंतला’ मात्र १९९४ पर्यंत वाफेवर धावली.

आजींना त्या कामाचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. फूटप्लेटवर समोर भट्टीची धग, वरून वर्ध्याचा उन्हाळा. कोळसा एकदम लोटायचा नाही. थोडा थोडा, सगळीकडे सारखा पसरायचा. धुराच्या रंगावरून आग ओळखायची. बॉयलरचं पाणी काचेच्या नळीत सतत बघायचं. ते फार खाली गेलं की भट्टीचं छत उघडं पडतं आणि स्फोटाचं भय असतं. चढ लागण्याआधीच वाफ तयार हवी. मेहनत, धोका, कौशल्य, सगळंच त्यात होतं.

बैठकीला आलेले एक गृहस्थ म्हणाले, “बाईला हे झेपलंच नसतं.” आजी पटकन बोलल्या, “कोयसा त बायाच वाहे ना, भाऊ!”

खरंच आहे. भारतातल्या कित्येक लोको शेडमध्ये इंजिनात कोळसा भरायला बाया असत. टोपली डोक्यावर घ्यायची, वर चढायचं, टेंडरमध्ये ओतायची, पुन्हा खाली. टेंडरपर्यंतचा कोळसा म्हणजे बिनकौशल्याची मजुरी. तिथून भट्टीपर्यंतची दोन-तीन पावलं मात्र कौशल्याची! पगाराची श्रेणी, भत्ता, क्वार्टर, पेन्शन, सगळं त्या दोन-तीन पावलांत. ओल्या पऱ्हाटीवर स्वयंपाक करणारीला आग राखणं जमणार नाही, असं म्हणायला धाडसच लागतं. सोव्हिएत रशियात झिनाइदा त्रोइत्स्काया १९३० च्या दशकातच वाफेचं इंजिन चालवत होत्या.

आणि घरचं काम? ड्यूटी रात्री दोनला लागली तर डबा कोण करायचं, काजळीचे कपडे कोण धुवायचं? आजींनी हे सांगितलंसुद्धा नाही. मी विचारल्यावर हसल्या.

मैत्रिणींनो, वाफ गेली आणि यंत्र हलकं झालं म्हणून बायांना दार उघडलं, असं आपल्यातल्याही काहीजणी म्हणतात. मला हे पटत नाही. मुंबईत विजेची गाडी १९२५ साली धावली. तिथे फावडं नव्हतं, भट्टी नव्हती. साताऱ्याच्या सुरेखा यादव सहायक ड्रायव्हर म्हणून लागल्या १९८९ मध्ये. मधली चौसष्ट वर्षं कुणाची ताकद कमी पडत होती? त्या २०२५ मध्ये निवृत्त झाल्या, तरी बहुतेक इंजिनांत अजून शौचालय नाही. ड्यूटीवर पाणीच न पिणं हा बायांनी काढलेला उपाय. चौसष्ट वर्षं ज्यांनी दार बंद ठेवलं, त्यांना आत येणारी बाई डोळ्यांसमोर नव्हतीच, हे इंजिनाच्या रचनेतच दिसतं.

बैठक संपल्यावर आयटीआय झालेल्या दोन मुली थांबल्या. सहायक लोको पायलटचा फॉर्म कसा भरायचा, परीक्षा कशी असते, सगळं विचारून घेतलं. एकीनं शौचालयाचंही विचारलं. मी खरं ते सांगितलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि फॉर्मची शेवटची तारीख लिहून घेतली.