बिघाड नेमका कुठे आहे?



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. आजचा विषय ऐकून पुण्याच्या आमच्या वन्सं हसतील, पण राहवत नाही. विषय आहे वायर!

माझा नातू बेंजो वाजवतो. बेंजो म्हणजे मिरवणुकीत वाजतो तो, बटणांचा, बुलबुलतरंग. मूळचा हा जपानी. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी 'ताइशोगोतो' नावानं तो तयार केला. फिरत फिरत आपल्याकडे आला आणि असा आपलासा झाला की २०१६ मध्ये रवी जाधवांनी बेंजो वाजवणाऱ्या पोरांवर हिंदी चित्रपट काढला. आता बेंजोही इलेक्ट्रिक. तारांजवळ पिकअप असतो, तिथून वायर अँप्लिफायरला जाते.

गेल्या गणपतीत आमच्या राहुरीच्या कॉलनीत आरतीनंतर तो वाजवायला बसला. दोन ओळी झाल्या नाहीत तोच खरखर, मग घूंऽऽ, मग सगळं गप्प. पोरं हसली. एक गृहस्थ म्हणाले, "अरे, आधी शिकून तरी ये!" घरी येऊन त्यानं बेंजो कपाटावर ठेवला. "आजी, बेंजोच बिघडलाय. मला नकोच तो." आठ दिवस हात लावला नाही.

मी जन्मभर मराठी शिकवलं. मुलाला 'ढ' म्हणण्याआधी त्याचं कुठे अडतंय ते बघा, असं नव्या शिक्षकांना सांगत आले. आणि इथे मीही न बघता मान डोलावली!

शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्यानं दोन मिनिटांत सांगितलं, "बाई, बेंजो ठणठणीत आहे. वायर गेलीय."

मग त्यानं आम्हा दोघांना शिकवलं. वायरीच्या पोटात मधोमध एक तार असते, ती सूर नेते. तिच्याभोवती तारांची जाळी असते, ती बाहेरची घरघर अडवते. मधली तार पिनच्या टोकाशी, जाळी पिनच्या दांड्याशी जोडलेली. जाळी सुटली की घूं येतो, मधली तार तुटली की आवाज बंद, जोड ढिला असला की खरखर. मीटर लावून बघायचं: एका बाजूचं टोक ते दुसऱ्या बाजूचं टोक, 'टीं' वाजलं पाहिजे. दांडा ते दांडा, टीं. टोक ते दांडा मात्र वाजता कामा नये; वाजलं तर दोन्ही एकमेकांना चिकटलेत. आणि हे करताना वायर हलवत राहायची, कारण काही बिघाड हलवल्याशिवाय सापडत नाहीत.

नातवानं बिनसोल्डरिंगच्या पिना मागवल्या. ही पिन जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधली बरं का! ट्रंक कॉल जोडणाऱ्या बाई फळ्यावर खुपसायच्या, तिचीच ही वंशज. वायर सरळ कापायची, पिनमध्ये नीट दाबायची. आतली सुई मधल्या तारेत घुसते आणि बाजूचा स्क्रू आवळला की तो वरचं आवरण भेदून जाळीला टेकतो. वायर मात्र त्या पिनच्या मापाचीच हवी.

पहिल्यांदा जोडली, आवाज नाही! नातवाचं तोंड पडलं. मी म्हटलं, "मीटर काय म्हणतो?" टोक आणि दांडा, टीं! कापताना जाळीची एक बारीक तार मधल्या तारेवर वाकली होती. अर्धा इंच कापून पुन्हा जोडली. बेंजो बोलला. मी चहा टाकायला उठले, कारण डोळे भरून आले होते.

माझं मत असं आहे. घरात अशी उघडता येणारी वायर जरूर असावी. आमच्या लहानपणी कल्हईवाला दारात यायचा, भांड्याला डाग देणाराही यायचा. भांडं फेकायची कल्पनाच नव्हती. आता बिघडलं की 'नवीन घे'. अशानं पैसे जातात ते जातातच, शिवाय बिघाड शोधायची सवयही जाते.

सोल्डरिंगला नावं ठेवत नाही. माझा विद्यार्थी म्हणतोच, "बाई, मिरवणुकीत वायरीला हिसके बसतात, स्क्रू ढिला होतो. तिथे डागच टिकतो." खरं आहे. म्हणून मिरवणुकीची वायर त्याच्याकडून करून घेतली. घरच्या सरावाला नातवानं केलेली.

आणि मुलाला हसणाऱ्या त्या गृहस्थांना एवढंच सांगावंसं वाटतं: आवाज आला नाही, म्हणजे वाजवणारा चुकला असं नसतं. आधी वायर तपासावी. माणसांच्या बाबतीतही.

असो. तुमच्या घरात अशी न तपासता फेकलेली एखादी वस्तू आहे का? जरूर कळवा.