मळ्यांतील स्वयंपाकघराची सुधारणा

खतें, बियाणें, औषधांची फवारणी व मालाची विक्री या विषयांवर या मासिकांत वरचेवर लेख येतात आणि ते शेतकरी बंधूंस उपयोगी पडतात, यांत शंका नाहीं. परंतु शेतांत पिकलेलें धान्य ज्या खोलींत अन्न होतें, त्या खोलीविषयीं आपण क्वचितच बोलतों. गंगापूर रोडनें आनंदवल्ली, सोमेश्वर व गंगापूर गांव ओलांडून गिरणाऱ्याकडे जाऊं लागलें म्हणजे रस्त्याच्या कडेचें रूप किती पालटलें आहे हें दिसतें. शहर वाढत आलें, जमिनीचे भाव चढले, द्राक्षाच्या पैशानें दर्शनी भिंतींस रंग आला. तथापि मळ्यांत उरलेल्या लहान पत्र्याच्या किंवा कौलारू घराच्या मागल्या खोलींत डोकावल्यास काळवंडलेली भिंत, एकच झरोका व जमिनीलगत वांकून काम करणारी गृहिणी, हें दृश्य अजून पुष्कळ ठिकाणीं आढळतें.

महसूल खात्यांत नोकरी करीत असतां पडक्या घरांच्या पंचनाम्याचे कागद माझ्या हातांखालून पुष्कळ गेले. भिंत किती पडली, पत्रे किती उडाले, धान्य किती भिजलें, हें सर्व त्यांत येई. चूल कोठें होती व तिचा धूर कोठून जात असे, हें लिहिण्यास रकाना नसे. सरकारी कागदांत रकाना नसला तर नसो. घरमालकाच्या मनांत तरी तो असावा.

घरच लहान, त्यांत सुधारणा ती काय करावयाची, असा पहिला आक्षेप येतो. त्याचें उत्तर पुढील उदाहरणांत आहे. जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरांत सन १९२६ सालीं मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यविशारद बाईंनीं कामकरी वर्गाच्या घरांकरितां एक स्वयंपाकघर आंखलें. त्याची रुंदी १.९ मीटर व लांबी ३.४ मीटर, म्हणजे सुमारें सव्वासहा फूट बाय सव्वाअकरा फूट होती. आगगाडीच्या भोजनडब्यांतील स्वयंपाकाची जागा डोळ्यांपुढें ठेवून त्यांनीं प्रत्येक वस्तु हाताच्या टप्प्यांत आणिली. अशीं सुमारें १०,००० स्वयंपाकघरें त्या शहरांत झालीं. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेंतही स्वतंत्र स्वयंपाकघरास किमान ५ चौरस मीटर, म्हणजे सुमारें ५४ चौरस फूट जागा व १.८ मीटर रुंदी पुरेशी मानली आहे. इतकी जागा आपल्या बहुतेक घरांत आहेच. उणीव आहे ती मांडणीची.

सुधारणेचा क्रम कोणता, हाच खरा प्रश्न होय. सामान्यतः आपण चकचकीत फरशीपासून आरंभ करितों व तेथेंच पैसा संपतो. माझ्या मतें धूर प्रथम, उजेड दुसरा, पाणी तिसरें, ओटा चौथा व फरशी शेवटीं, असा क्रम असावा.

धुराचें महत्त्व सांगण्यास एकच आंकडा पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें सन २०२० या एका वर्षांत घरांतील चुलींच्या व शेगड्यांच्या धुरामुळें जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं व त्यांत पांच वर्षांखालील मुलें २ लक्ष ३७ हजारांवर होतीं. आपल्या देशांत या प्रश्नाचा विचार झाला नाहीं असें मुळींच नाहीं. वर्ध्याच्या मगनवाडींत सन १९४७ च्या सुमारास ‘मगन चूल’ निघाली. पुढें सन १९८३ मध्यें केंद्र सरकारनें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला व तो सन २००२ पर्यंत चालला. परंतु पुष्कळ ठिकाणीं धुराडें काजळीनें तुंबलें, तें कोणी साफ केलें नाहीं व बायकांनीं कंटाळून जुनी चूल पुन्हा मांडली. यावरून घेण्याचा धडा असा कीं, धुराड्याचा नळ सरळ असावा, तो छपराच्या वर निदान दोन-तीन फूट जावा, त्यास पावसाची टोपी असावी व खालीं काजळी काढण्यास झांकणाचें तोंड ठेवावें. महिन्यांतून एकदां तें काम पुरुषानें करावें.

आतां गॅस आला, चूल गेली, असें कोणी म्हणेल. ता. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें गॅस पुष्कळ घरांत पोंचला, हें खरें. तरीही आंघोळीचें पाणी, बाजरीची भाकरी व हंगामांत पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांचा स्वयंपाक यांकरितां चूल पेटतेच. म्हणून चूल नाहींशी करण्याचा हट्ट न धरितां ती मागल्या पडवींत, धुराड्यासह मांडावी व आंत केवळ गॅस ठेवावा. एकाच खोलींत सिलिंडर व उघडा जाळ ठेवणें धोक्याचें आहे. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षां जड असल्यामुळें गळाल्यास तो जमिनीलगत सांचतो. यास्तव भिंतीस खालीं, जमिनीजवळ, जाळीचें एक भोंक अवश्य ठेवावें. सिलिंडर उभा असावा व शेगडी त्याच्याहून उंचावर असावी.

ज्यांच्या दावणीला दोन-तीन जनावरें आहेत, त्यांनीं गोबरगॅसचाही विचार करावा. रोजच्या सुमारें २५ किलो शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो. तो सिलिंडरच्या गॅसशीं ताडून पाहिल्यास महिन्याकांठीं सुमारें १३ किलोचें काम देतो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरला थोडाच कमी पडतो. शिवाय मळीचें खत बागेस मिळतें तें निराळेंच. हा गॅस हवेपेक्षां हलका असल्यानें त्याकरितां भोंक वर, छपराजवळ, पाहिजे.

जळणाविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे. एप्रिलच्या खरड छाटणीच्या व ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या काड्या फुकट मिळतात म्हणून त्या चुलींत घालण्याची वहिवाट आहे. त्या काड्यांवर वर्षभर मोरचूद व इतर औषधें पडलेलीं असतात. असा धूर घरांत नको. त्या काड्यांचा भुगा करून कंपोस्ट करावें.

उजेडाकरितां निदान एक चौरस मीटरची खिडकी बाहेरच्या मोकळ्या जागेकडे उघडणारी असावी. ती ओट्यासमोर असल्यास उत्तम, कारण पाठीमागून येणाऱ्या उजेडांत आपलीच सावली कामावर पडते. भिंतींस आंतून पांढरा चुना दिल्यास थोड्या खर्चांत खोली दुप्पट उजळ भासते.

पाण्याचा नळ व मोरी ओट्यास लागून असावी, म्हणजे हंडे उचलण्याचे श्रम वांचतात. सांडपाणी दाराशीं डबकें करीत न सोडतां एका लहान गाळखड्ड्यांतून काढून परसांतील केळी व अळू यांस द्यावें.

ओट्याची उंची गवंडी आपल्या संवयीनें ठरवितो, हें चूक आहे. घरांत जी स्वयंपाक करिते तिला उभें करून तिच्या कोपरापासून चार बोटें खालीं खूण करावी व तेथें ओट्याचा माथा यावा. शेगडी व परात उंच असल्यामुळें ओट्याचें एक टोंक पांच-सहा इंच खालीं ठेवावें; भाकरी थापण्यास व कणीक मळण्यास तें सोयीचें होतें. फरशी शहाबादी असली तरी चालते. ओट्याखालीं उघडे कप्पे, भिंतींत कोनाडे व हाताच्या उंचीवर एक फळी इतकें असल्यास कपाटांवर पैसा घालण्याची गरज राहत नाहीं. माळ्यावर मात्र औषधांचे डबे कदापि ठेवूं नयेत. फवारणीचीं औषधें घराबाहेर, कुलुपांत व मुलांच्या हातास न लागतील अशीं ठेवावीं. रिकामा डबा मिठासाठीं किंवा डाळीसाठीं वापरणें म्हणजे घरांत विष आणणें होय.

शेवटचा मुद्दा खर्चाचा नसून विचारण्याचा आहे. विहिरीची जागा ठरवितांना आपण पाणाड्यास विचारतों, बागेच्या मांडवास जाणत्या बागाइतदारास विचारतों. मग स्वयंपाकघर बांधतांना तेथें रोज पांच-सहा तास राबणाऱ्या बाईस कां विचारूं नये? ती तक्रार करीत नाहीं, यावरून तिला त्रास होत नाहीं असें ठरत नाहीं. गवंड्यास बोलावण्यापूर्वीं घरांतील सर्व स्त्रियांस एकत्र बसवून खिडकी, ओटा व मोरी यांच्या जागा कोळशानें जमिनीवर आंखून घ्याव्यात. सासू व सून यांच्या उंचींत फरक असल्यास दोघींच्या मापांचा मध्य काढावा.

द्राक्षाचा हंगाम उरकून हातांत पैसा येतो तो चैत्र-वैशाखांत, आणि पावसापूर्वीं छपराचें काम करण्याचा काळही तोच आहे. ज्या वाचकांस यंदां घराच्या पुढल्या भिंतीस रंग देण्याचा विचार असेल, त्यांनीं तो एक वर्ष पुढें ढकलून ती रक्कम धुराडें, खिडकी व मोरी यांवर खर्च करावी, अशी माझी आग्रहाची विनंति आहे.