ऐकू येतो त्या आवाजाचे काय?

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडीची पठारे, सांगलीचा ढालगाव-जत पट्टा, धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल येथे पवनचक्क्या फिरू लागून बराच काळ लोटला. त्यांच्या आवाजाचा शेजारच्या वस्तीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न मात्र अजून ऐकीव माहितीवरच चालला आहे. जगभर या वादाला एक वेगळेच वळण मिळाले. डोके दुखते, झोप लागत नाही, छातीत धडधडते, या तक्रारींचे कारण म्हणून कानाला न कळणाऱ्या इन्फ्रासाऊंडकडे बोट दाखवले जाऊ लागले. २००९ मध्ये अमेरिकेतील डॉक्टर नीना पियरपाँट यांनी या लक्षणांना ‘विंड टर्बाइन सिंड्रोम’ असे नाव दिले आणि भीतीला वैद्यकीय शब्द मिळाला. आमच्या मते उपलब्ध पुरावा या भीतीच्या बाजूने नाही. पण तोच पुरावा रात्री ऐकू येणाऱ्या आवाजाची तक्रार खरी ठरवतो, आणि आपली नियमव्यवस्था नेमकी तिच्याकडेच डोळेझाक करते.

माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झच्या वरचा ध्वनी ऐकू येतो. त्याखालचा ध्वनी म्हणजे इन्फ्रासाऊंड. तो पवनचक्कीतून निघतो, यात शंका नाही. पण तो वाहत्या वाऱ्यातून, समुद्राच्या लाटांतून आणि रस्त्यावरच्या वाहनांतूनही निघतो. प्रश्न तो किती तीव्र आहे, हा आहे. १० हर्ट्झचा ध्वनी जाणवण्यासाठी त्याची पातळी ९५ डेसिबलच्या आसपास जावी लागते आणि पवनचक्कीपासून काहीशे मीटरवर ती त्याहून पुष्कळ खाली असते. ऑस्ट्रेलियात वूलकॉक संस्थेने ३७ निरोगी पण आवाजाला संवेदनशील असलेल्या माणसांना सलग ७२ तास प्रयोगशाळेत इन्फ्रासाऊंडच्या संपर्कात ठेवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत झोप, हृदय किंवा मेंदूच्या कार्यावर कोणताही अपाय आढळला नाही. फिनलंडमध्ये सरकारी खर्चाने झालेल्या आणि २०२० मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासातही पवनचक्कीजवळच्या लोकांच्या लक्षणांचा उलगडा इन्फ्रासाऊंडने होत नाही, असेच दिसले. हे अभ्यास कंपन्यांनी करवून घेतलेले नाहीत, म्हणून विकत घेतलेले विज्ञान असे म्हणून ते झटकता येणार नाहीत.

मग त्रास सांगणारी माणसे खोटे बोलतात का? मुळीच नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या प्रयोगात इन्फ्रासाऊंडच्या धोक्याविषयीची चित्रफीत आधी पाहिलेल्या स्वयंसेवकांनी, प्रत्यक्षात ध्वनी नसतानाही, त्रास वाढल्याचे सांगितले. धास्तीने दुखणारे डोके खरोखरच दुखते. फक्त त्याचे कारण वेगळे असते. ते कारण चुकीचे सांगितले, की उपायही चुकतो. दुष्काळाच्या वर्षांत सातारा-सांगलीकडे पवनचक्क्या पाऊस पळवतात असा समज पसरला होता. तो खोटा होता, आणि त्या गदारोळात जमिनीच्या व्यवहाराच्या, पठारावरच्या वाटांच्या खऱ्या तक्रारी मागे पडल्या. इन्फ्रासाऊंडच्या भीतीने ऐकू येणाऱ्या आवाजाचे तेच होण्याचा धोका आहे.

हा आवाज दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पाते प्रत्येक फेरीत हवा कापते, तेव्हा येणारी लयबद्ध सूं-सूं शांत रात्री दूरवर जाते आणि सलग आवाजापेक्षा जास्त खुपते. कॅनडाच्या आरोग्य खात्याने दोन प्रांतांतील १,२३८ घरांचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. आवाजाची पातळी आणि झोप किंवा आजार यांचा संबंध त्यात दिसला नाही. पण आवाज वाढत गेला तसा त्रस्त लोकांचा वाटा स्पष्टपणे वाढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये पवनचक्क्यांचा दिवस-रात्रीचा भारित सरासरी आवाज ४५ डेसिबलखाली ठेवण्याची सशर्त शिफारस केली. परदेशातील आकडे इथे लागू होतील का, ही शंका रास्त आहे. ती मात्र उलट दिशेने बोलते. थंड देशांतील घरे बंद आणि जाड भिंतींची, आपली कौलारू, पत्र्याची, उघड्या खिडक्यांची. बाहेरचा आवाज आपल्या घरात जास्त शिरतो. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत वस्तीपासून ५०० मीटर अंतर सांगितले आहे, पण पठारावरच्या अनेक पवनचक्क्या त्याआधीच्या आहेत.

कबनूरने हा विषय आपला का मानावा? इचलकरंजीला लागून असलेल्या या गावात पवनचक्की नाही, पण यंत्रमाग आहेत. घराशेजारी, गल्लीत, रात्रपाळीलाही चालणारे. धोट्याच्या मागाच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या पुढे, अनेकदा शंभरच्या आसपास जातो. डेसिबलची मोजपट्टी गुणाकाराने चढते. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे पवनचक्कीपासून दूरच्या घरी पोहोचणाऱ्या ४० डेसिबलपेक्षा शेडमधले ९५ डेसिबल तीन लाख पटींहून अधिक ऊर्जेचे ठरतात. या आवाजाने कान जातात, याबद्दल वैद्यकशास्त्रात वाद नाही. कारखान्यांविषयीच्या कायद्यात ध्वनीमुळे येणारे बहिरेपण नोंद करण्याजोगा व्यवसायजन्य आजार आहे आणि आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा नियमांत आहे. पण पाळी बारा तासांची असते आणि कितीतरी शेड लहान म्हणून या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. शेजारच्या घरासाठी २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत: निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल. एका भिंतीपलीकडे माग चालू असेल तर ही मर्यादा कशी पाळली जाते, हे मोजायला कोण येते?

यावर आक्षेप ठरलेला आहे: मागावर पोट आहे, रात्रपाळी बंद झाली तर कामगाराचेच नुकसान. आक्षेप खरा आहे, म्हणून माग बंद करा असे आम्ही म्हणत नाही. मागाखाली रबरी पॅड, भिंतीला आणि छताला ध्वनी शोषणारे अस्तर, वस्तीच्या बाजूच्या झरोक्यांना आडोसा, हे खर्च आवाक्यातले आहेत. शासन यंत्रमागाला वीजदराची सवलत आणि आधुनिकीकरणाचे अनुदान देते. त्या मदतीला आवाज कमी करण्याची अट आणि त्यासाठीचा निधी जोडणे अशक्य नाही. ‘सवय झाली आहे’ हे उत्तर तर सर्वांत घातक. सवय मनाला होते. आतल्या कानातील मेलेल्या पेशी परत उगवत नाहीत.

म्हणून पवनचक्की असो वा माग, कसोटी एकच हवी: माणूस जिथे झोपतो आणि जिथे राबतो, तिथे आवाज किती आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने पठारावरच्या वाड्या-वस्त्यांत आणि कबनूर-इचलकरंजीच्या गल्ल्यांत रात्रीची मोजणी करावी आणि आकडे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या फलकावर लावावेत. नेहमीची मोजणी खालच्या पट्टीतला घुमारा कमी दाखवते, म्हणून तो वेगळा नोंदवावा. मागकामगारांची दरवर्षी श्रवणचाचणी व्हावी आणि नव्या पवनचक्कीला परवानगी देताना ५०० मीटरचे अंतर सूचना म्हणून न राहता अट व्हावी. न ऐकू येणाऱ्या ध्वनीची भीती मोजणीनेच दूर होईल, आणि ऐकू येणाऱ्या आवाजाने त्रासलेल्या माणसाच्या हाती दाद मागण्यासाठी आकडा येईल.